संशोधनासाठी निधी

को-ऑप म्हटलं की मराठी माणसाला पतपेढी आठवते, नाहीतर साखर कारखाना. त्यामुळे आमच्या कुलगुरूंनी भर सभेत ‘पुढच्या सत्रापासून आपण को-ऑप सुरू करतोय’ असं जाहीर केलं, तेव्हा मला क्षणभर वाटलं की प्राध्यापकांची सोसायटी निघतेय, स्वस्तात फ्लॅट मिळेल. तसलं काही नव्हतं. विद्यार्थ्याने सहा महिने वर्गात बसायचं, सहा महिने कारखान्यात काम करायचं, त्या सहा महिन्यांचं विद्यावेतन घ्यायचं आणि पदवीबरोबर अनुभवही पदरात पाडून घ्यायचा, अशी ती योजना होती. कुलगुरूंची मुलगी कॅनडात शिकत होती. आमच्या फरीदाबादच्या खाजगी विद्यापीठात जे काही नवीन यायचं, ते तिच्या सुट्टीनंतर यायचं.

मी हात वर करून विचारलं, “सर, स्टाइपेंड देगा कौन?”

“फंडिंग तो आ ही जाती है, डॉक्टर साहब,” कुलगुरू म्हणाले. “विज़न होना चाहिए.”

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मला पत्र आलं, की मी या योजनेचा समन्वयक आहे आणि निधी उभा करण्याची जबाबदारी माझी आहे. सभेत जो प्रश्न विचारतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे इतकी वर्षं नोकरी करूनही मला उमगलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मेट्रोच्या खांबांवर जाहिराती लागल्या : पढ़ते-पढ़ते कमाइए. खाली हेल्मेट घातलेली एक गोरीपान मुलगी हसत होती. आमच्या कॉलेजात तशी मुलगी नव्हती आणि विद्यापीठाकडे द्यायला छदामही नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण पोहऱ्याचा फोटो मात्र छान आला होता.

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात मुली तीनच. त्यांतली एक मराठी होती. आईवडील नांदेडकडचे, वडील केंद्र सरकारच्या कचेरीत, राहणं इथेच सरकारी क्वार्टरमध्ये. मुलगी जन्मापासून दिल्लीची. लेथवर तिचा हात असा बसलेला होता की वर्कशॉपचे शिक्षक मशीन तिच्यावर सोपवून चहाला जायचे. मराठी मात्र तिची फारच गंमतशीर. “सर, मी किती वेळ तुमचा इंतजार करत होते” असं म्हणायची. मी म्हणायचो, “वाट पाहत होते म्हण.” ती म्हणायची, “बिल्कुल सर, वाट पाहत होते,” आणि पाच मिनिटांनी पुन्हा इंतजार. मी पुण्याचा. दुसऱ्याची भाषा दुरुस्त करणं हा आम्ही उपकार समजतो, आणि समोरच्याने तो आनंदाने घ्यावा अशी आमची अपेक्षा असते.

मानेसरच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याने आमच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या. टूलरूमच्या फोरमनने तिच्या हातात यंत्रावर भाग घट्ट धरून ठेवणारं एक बिघडलेलं फिक्श्चर ठेवलं. अर्ध्या तासाने त्यात काय बिघडलंय ते तिने दाखवलं. फोरमन एवढंच म्हणाला, “इसको भेज दो.” त्या टूलरूममध्ये तोवर एकही मुलगी कामाला लागलेली नव्हती. सहा महिने नीट काम केलं तर तिथेच नोकरी पक्की, असंही तो जाता जाता बोलला.

मग एचआरवाला आला. “सीट देंगे, पैसा नहीं देंगे. सिखा हम रहे हैं, फीस तो हमें मिलनी चाहिए.” आणि स्वतःच्या विनोदावर इतका खूश झाला की त्याने तो मला दोनदा ऐकवला. पुढच्या तिमाहीच्या एक तारखेपर्यंत सीट राखून ठेवतो, तोपर्यंत विद्यावेतनाची सोय तुम्ही करा, असं ठरलं.

मी मुलीच्या वडिलांना भेटायला बोलावलं. सावळे, किडकिडीत गृहस्थ, बोलणं अगदी मोजकं. मी म्हटलं, तूर्तास पैशाशिवाय पाठवू या का? फरीदाबादहून रोज मानेसर जमणार नाही, तिथे पीजीमध्ये राहावं लागेल, पण संधी मोठी आहे.

“राहण्याचं मी बघेन, सर,” ते म्हणाले. “प्रश्न तो नाही. फुकटची कामं आमच्या वाडवडिलांनी गावात पिढ्यान् पिढ्या केली. मुलगी करणार नाही. कमी द्या, पण कामाचे पैसे द्या.”

मी म्हटलं, “मिळवतो.” ते उठले, जाताना म्हणाले, “हिंदीत काही लिखापढी असेल तर सांगा. माझं रोजचंच काम आहे ते.” मी हसून हो म्हटलं. मनात म्हटलं, आता माझे अर्ज कारकुनाकडून तपासून घ्यायचे राहिलेत.

मग माझी वणवण सुरू झाली. गुरुग्रामच्या टॉवरांमध्ये मोठमोठ्या कंपन्यांची समाजसेवेची खाती असतात. तिथल्या मीटिंगच्या खोल्यांना डोंगरांची नावं असतात. मला बसवलेल्या खोलीचं नाव ‘हिमालय’ होतं आणि एसी इतका वाढवलेला की नाव सार्थ वाटावं. समोर एक तिशीच्या मॅडम. त्यांनी मला पाणी विचारायच्या आधी ‘इम्पॅक्ट’ विचारला. मी मुलीबद्दल सांगितलं. फिक्श्चरचं सांगितलं. मॅडमनी लॅपटॉपवर काहीतरी पाहिलं.

“घर कच्चा है, सर?”

“सरकारी क्वार्टर है.”

“ओह,” मॅडम म्हणाल्या. त्या ‘ओह’मध्ये इतकं दुःख होतं की मलाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं. “देखिए, लड़की अच्छी है, बट हमारी बेनिफिशियरी प्रोफाइल में नहीं बैठती. थोड़ी और नीडी नहीं है कोई? स्टोरी निकलनी चाहिए ना.”

मी म्हटलं, मुलीला काम येतं, हीच स्टोरी आहे. मॅडम गोड हसल्या आणि मला वाटाण्याच्या अक्षता लावून लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. जाताना कंपनीचं नाव छापलेली कापडी पिशवी दिली. अशा पिशव्या त्या दोन महिन्यांत माझ्याकडे सात जमल्या, आणि आमच्या घरी भाजी आणायची उत्तम सोय झाली. बाकी कुठल्याही टॉवरमधून काही हाती लागलं नाही. कुणाला गाव दत्तक घ्यायचं होतं, कुणाला तलाव. फरीदाबादची इंजिनिअर मुलगी दत्तक घ्यायला कुणीच तयार नव्हतं, कारण तिच्याकडे बघून कुणाला रडू येत नव्हतं.

शेवटी एक सरकारी कंपनी सापडली. चौकशीच्या माझ्या इंग्रजी पत्राला त्यांचं हिंदीत उत्तर आलं : ‘इस दिशा में यथासंभव चेष्टा की जाएगी.’ मी ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, पण हसायला तिथे मराठी कुणी नव्हतं. मग मुलीला बोलावून दाखवलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न हे तिला ठाऊक होतं, मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल हे नव्हतं. समजल्यावर ती पोट धरधरून हसली. मी तिला दोन भाषांमधल्या अशा फसव्या शब्दांवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. फार रंगलं ते.

पण ही कंपनी खरंच बरी निघाली. तिथल्या अधिकाऱ्याने फोनवर सरळ सांगितलं की पैसे आहेत, योजना बसते, समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते, पुढची या महिन्याअखेर आहे. अर्ज हिंदीत पाठवलात तर फाइल लवकर सरकेल. बैठक झाल्यावर चार दिवसांनी कारखान्याची एक तारीख. सगळं अगदी वेळेत बसत होतं.

मला देवनागरी टाइप करता येत नाही, म्हणून मी मुलीला बसवलं आणि अर्ज सांगू लागलो. हिंदी म्हणजे काय, मराठीच जरा वाकडी करून बोलायची, असं आम्हा लोकांचं जन्मजात मत असतं. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, कुलगुरूंशी मी तेवढ्यावरच निभावत आलो होतो. विषयाच्या ओळीत, नुसत्या प्रशिक्षणापेक्षा वजनदार वाटावं म्हणून, मी सांगितलं, “विद्यार्थियों के औद्योगिक संशोधन हेतु वित्तीय सहायता.”

तिची बोटं थांबली. “सर, संशोधन? इथे?”

“का?”

“नाही म्हणजे… संशोधन तर अमेंडमेंट असतं ना?”

“संशोधन म्हणजे रिसर्च,” मी म्हणालो. “मी पीएचडी केली ती काय अमेंडमेंटमध्ये? घरी जरा चार मराठी पुस्तकं वाचत जा. दिल्लीत वाढलेल्या तुम्हा मुलांना एक शब्द धड येत नाही, आणि वर शंका.”

“सॉरी सर,” ती म्हणाली, आणि तिने टाइप केलं. अर्जात तो शब्द एकूण सहा वेळा आला. सहाही वेळा तिने मुकाट्याने टाइप केला. मी सही केली, कुलसचिवांचा शिक्का घेतला आणि स्वतः मेट्रोने जाऊन अर्ज देऊन आलो. परत येताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

महिनाअखेर आली, गेली. कळवणं नाही, काही नाही. मी फोन केला तर अधिकारी रजेवर. मग पत्र आलं : ‘विश्वविद्यालय किस अनुबंध में संशोधन चाहता है, कृपया स्पष्ट करें. प्रकरण विधि अनुभाग को भेज दिया गया है.’ म्हणजे, कोणत्या करारात दुरुस्ती हवी आहे? माझा अर्ज समितीपुढे गेलाच नव्हता. तो वकिलांच्या टेबलावर पडून होता, आणि तिथे कुणीतरी बिचारा आमच्या विद्यापीठाबरोबरचा जुना करार शोधत होता. तसा करार कधी झालेलाच नव्हता.

अधिकारी रजेवरून आल्यावर फोनवर मिळाले. सभ्य माणूस, त्यांनाच वाईट वाटत होतं. “आप शोध लिख देते, सर. या सीधा प्रशिक्षण. यहाँ तो संशोधन देखते ही फाइल लीगल में जाती है.” पुढच्या बैठकीत नक्की घेऊ, असं ते म्हणाले. पुढची बैठक तीन महिन्यांनी. मी कारखान्यात फोन केला. एचआरवाल्याने सांगितलं की एक तारीख उलटली, सीट गुरुग्रामच्या एका कॉलेजच्या मुलाला दिली. त्याच्या वडिलांची गाडी आहे, त्याला स्टाइपेंड नको आहे. दोन महिने मी कुलगुरूंना हसलो, मॅडमना हसलो, या एचआरवाल्याला हसलो. मुलीचं काम यांच्यापैकी कुणीच अडवलेलं नव्हतं.

निधी आला, हेही सांगून टाकतो. पुढच्या बैठकीत मंजूर झाला, पुढच्या बॅचची आठ मुलं त्यावर कारखान्यांत गेली, आणि कुलगुरूंनी फोटोत माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला मात्र परीक्षेला बसण्यासाठी को-ऑपचे गुण हवेच होते, म्हणून तिने विद्यापीठाची ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’ केली. म्हणजे घरी बसून व्हिडिओ बघायचे आणि प्रत्येक व्हिडिओनंतर पाच प्रश्नांवर टिकमार्क करायचं. प्रमाणपत्रावर सोनेरी किनार होती.

पण त्याआधी, सीट गेल्याचं कळलं त्याच आठवड्यातल्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं क्वार्टर, एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं, आणि त्यात मराठी पुस्तकं माझ्या घरापेक्षा जास्त. आईने चिवडा ठेवला. मी सरकारी कंपनीचं पत्र आणि आमच्या अर्जाची प्रत मुलीच्या वडिलांच्या हातात दिली. सगळं सांगायचं, असं मी वाटेत ठरवून गेलो होतो. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

त्यांनी चष्मा लावला. पत्र वाचलं, मग अर्ज वाचला. रोज फायली वाचणारा माणूस वाचतो तसा, बोट ओळीखालून सरकवत. सहाही ठिकाणी बोट थांबलं.

“ड्राफ्ट कुणी केला होता?”

मी कप खाली ठेवला. तेवढ्यात दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, “मी टाइप केला होता, पप्पा.”

“तुला संशोधन म्हणजे काय ते माहीत नाही?” त्यांचा आवाज चढला नाही. “बारावीपर्यंत हिंदी होती ना तुला? आमच्या ऑफिसातल्या शिपायालासुद्धा कळतं हे. एवढी मोठी संधी आली होती.”

“चूक झाली, पप्पा.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. पंखा फिरत होता. सगळे मिळून मला हवा तेवढा वेळ देत होते.

वडिलांनी चष्मा काढला, कागदांची नीट घडी घातली आणि ते माझ्याकडे वळले.

“माफ करा, सर,” ते म्हणाले. “तुम्ही तिच्यासाठी एवढी पायपीट केलीत, आणि पोरीने सगळा घोळ घातला.”

“असू द्या हो,” मी म्हणालो. “मुलंच आहेत. होतं असं.”