नीलमाचे तीन दिवस

नीलम मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही पाच-सात मिनिटं. पण त्याच्याबद्दल मी इतकं बोललो आहे की आमच्या पंचक्रोशीत मला रत्नांतला जाणकार समजतात. लोक विचारतात, मी सांगतो. तापट माणसाने पोवळं घालावं. घालणारा आजारी पडायच्या आधी ते फिकं पडतं. मन थाऱ्यावर नसेल तर मोती. पाचू समोर धरला की सापाचे डोळे जातात. हा प्रयोग करून पाहायला आमच्याकडे साप भरपूर होते, पाचू नव्हता. मुलीचं लग्न जमत नसेल तर पुष्कराज. मुलाचं जमत नसेल तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि माझा अनुभव आहे तो तेवढाच.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती. हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या आमच्या गावात मी बावीस वर्षांचा, उर्दू मिडल पास, घरची ज्वारी-कापूस पाहणारा, आणि बिनलग्नाचा. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात माय आणि मी. दोन सोयरिकी येऊन परत गेल्या होत्या, दोन्हींचं कारण एकच, पोरगं लई बोलतं. त्यात खोटं काही नव्हतं. पहिल्या पाहुण्यांना मी त्यांच्याच बैलांमधल्या खोडी सांगितल्या. दुसऱ्यांना राज्यकारभार कसा चालवावा ते समजावलं.

तिसरी सोयरीक डोंगरकड्याची. ही मुलगी मी कळमनुरीच्या एका लग्नात पाहिली होती. पंगतीत पाणी वाढता वाढता तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. त्या हसण्यावर मी सहा महिने काढले. (शेजाऱ्याला कापसावरच्या किडीची माहिती देताना माझ्या उपरण्याचं टोक वरणात बुडालं होतं, म्हणून ती हसली, हे पुढे तिनेच सांगितलं.) ही सोयरीक मोडली तर लग्नच करणार नाही, असं मी मायला सांगून टाकलं. असं बरेच जण बोलतात, पण मी ते खरंच करणार होतो. तेवढा वेडेपणा माझ्यात होता.

तेव्हा हैदराबादेहून मामा आला. तो तिथे कुठल्याशा कचेरीत कारकून होता, आणि गावी आला की दिवाणासारखा वागायचा. त्याने माझी पत्रिका जोशीबुवांकडे नेली. माझा जन्म गुरं घरी येताना झाला असं मायचं म्हणणं, गुरं रानात जाताना झाला असं मामाचं. एका वेळेने रास मकर येत होती, दुसऱ्या वेळेने कुंभ. जोशीबुवांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, काही बिघडत नाही, दोन्ही राशींचा धनी शनीच. कुठूनही मोजा, खडा नीलमच.

मामाने जणू वाटच पाहत असल्यासारखा नीलम खिशातून काढला. कागदाच्या पुडीत हरभऱ्याएवढा निळा खडा. त्याने तो दुधाच्या वाटीत टाकला आणि म्हणाला, "पाह्य, दूध निळं झालं." मला झालेलं दिसलं. माय वाकून म्हणाली, "दूधच पातळ हाय."

"बाकीचे खडे निसते घालायचे," मामा म्हणाला, "ह्यो आधी तपासायचा. तीन दिवस निळ्या फडक्यात शिवून दंडाला बांधायचा. मानवला त रंकाचा राव. न्हाई मानवला त घात. तीन दिवसांत काय व्हते त्याच्यावरून बराबर समजते. वाहतं पाणी वलांडायचं न्हाई, अंगाला वस्तरा लावायचा न्हाई."

"आन् घात व्हतो तो घरादाराचा का?" मायने विचारलं.

"न्हाई. ज्याच्या अंगावर खडा, त्याचाच."

"बराबर?"

"बराबर, बाई."

मायने वाटीतून खडा काढला, पदराने पुसला आणि फडक्यात शिवायला आत घेऊन गेली. शनिवारी सकाळी तिने स्वतःच ती पुडी माझ्या उजव्या दंडाला बांधली.

मग मी जो चालू लागलो, त्याची नक्कल गावातली पोरं पुढे कित्येक वर्षं करत होती. उजवा हात अंगापासून वीतभर लांब, मान ताठ, नजर चौफेर. म्हशीने लाथ झाडली, मी हिशेबात धरली नाही, ती रोजच झाडायची. मांजर आडवं जाऊ लागलं तर मीच वळून मागे फिरलो, म्हणजे ते आडवं गेलं असं म्हणता येऊ नये. विहिरीवर गेलो नाही. बैलांजवळ गेलो नाही. झाडाखाली बसलो नाही, फांदी पडेल म्हणून, आणि उघड्यावर बसलो नाही, ऊन लागेल म्हणून. शनिवार असा एका खांबाला टेकून गेला. खांबही आधी हलवून पाहिला होता.

रविवारी सकाळी गोवऱ्या काढताना मायला विंचू चावला.

आमच्याकडे विंचू चावणं नवलाचं नव्हतं, पण तिला जन्मात कधी चावला नव्हता. ती हात धरून खाली बसली, तोंड पांढरं पडलं. विंचू उतरवणारा म्हातारा ओढ्यापलीकडच्या तांड्यावर राहायचा. ओढ्याला घोटाभर पाणी होतं. मी काठापर्यंत पळत गेलो. तिथे उभा राहिलो. वाहतं पाणी. मी दंडाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि परत आलो.

मायला म्हणालो, "माय, ओढा वलांडावा लागतो."

"नको जाऊ," ती दात आवळून म्हणाली. "तुहे तीन दिवस पुरे होऊ दे."

शेवटी शेजारीण गेली. म्हातारा आला, पाला चोळला, मंत्र म्हणाला. दिवसभर माय कण्हत पडून होती आणि मी दारात बसून खडा मला मानवतो आहे की नाही याचा विचार करत होतो. मला काहीच झालं नव्हतं, म्हणजे मानवत असावा. हे लिहिताना मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण तो आता माझ्याच वयाचा म्हातारा आहे.

सोमवारी डोंगरकड्याचे पाहुणे आले. मुलीचा बाप आणि दोघे जण. माझी दाढी तीन दिवसांची. मायच्या हाताची सूज कोपरापर्यंत आलेली, पोळ्या शेजारणीने लाटलेल्या, जाडजूड आणि एका बाजूने कच्च्या. मी आत जाऊन मायवर फणफणलो, "आजच काहून निजून राहिली? पाव्हणे काय म्हणतील?" ती उठून भिंतीला टेकून बसली.

बाहेर मी एकेका शब्दाला भीत होतो. नीलम तोंडून नको ते वदवतो असं मामाने ऐनवेळी सांगितलं होतं. मुलीच्या बापाने पीकपाणी विचारलं, मी म्हणालो, "ठीक." बैल विचारले, "हाय." डोंगरकड्याला येणार का विचारलं, तर मी नुसती मान हलवली. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मामाला म्हणाला, "आमी त ऐकलं व्हतं पोरगं लई बोलतं. ह्यो त गंभीर हाय. दाढी बी वाढवून राहिला. काही व्रत हाय का?"

"व्हय," मामा म्हणाला.

सोयरीक जमली. मामा मिशीवर हात फिरवत म्हणाला, "पाह्यलं? तिसऱ्या दिवशी!" आणि मी, ज्याने तीन दिवसांत खांबाला टेकण्यापलीकडे काही केलं नव्हतं, मी गावभर सांगत सुटलो की शनी माझ्या मुठीत आहे.

दहा-बारा दिवसांनी चांदीच्या अंगठीत खडा बसवून घ्यायला मी हिंगोलीला सोनाराकडे गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांना मी नीलमाचा महिमा ऐकवला. सोनाराने चिमट्याने टाके उसवले, फडकं उलगडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

"पाटील," तो म्हणाला, "चिंचोका बसवू का?"

फडक्यात अर्धा चिंचोका होता. चांगला घासून गुळगुळीत केलेला, दंडाला टोचू नये म्हणून. ती गिऱ्हाइकं हसत राहिली, मी मामाला शिव्या देत घरी आलो.

माय अंगणात ज्वारी पाखडत होती.

"मामानं फसवलं," मी ओरडलो. "चिंचोका शिवला फडक्यात!"

"त्यानं न्हाई. म्या शिवला."

"आन् खडा?"

"माह्या दंडाला व्हता. चोळीच्या आत." ती सूप खाली न ठेवता बोलत होती. "दादा म्हणला, ज्याच्या अंगावर त्याचाच घात. मंग म्हणलं, आधी माह्या अंगावर पाहू. चांगला निघला त तुला देऊ. दुसऱ्याच दिवशी इच्चू चावला. पाव्हणे गेले तसा म्या तो वढ्यात टाकून देला."

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं त तू पाव्हण्याइसमोर बोलला असता."

खड्याच्या धाकाशिवाय मी गप्प बसलो ते तेव्हाच. ओढ्याचं ते घोटाभर पाणी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मला लाज वाटली, अशी की तिच्याकडे पाहवेना.

मग मी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि तिचा हात पाहिला. विंचू चावल्यापासून मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. सूज उतरली होती. अंगठ्याजवळ एक काळा ठिपका राहिला होता.

"लई दुखलं का, माय?" मी विचारलं.

"आता काहून दुखंल," ती म्हणाली, आणि तिने सूप परत मागितलं.