भिंतीवरचे खासदार

कुणाच्या तरी फोटोला हार घातल्याशिवाय आम्हा मराठी माणसांचा कार्यक्रम सुरूच होत नाही. शॉमबर्ग या अमेरिकन गावाच्या बाजूला एका शाळेचा हॉल आमचं मंडळ भाड्याने घेतं. तिथे पहिल्या वर्षी हार होता, पण फोटो आणायला सगळे विसरले. मग स्टेजमागच्या भिंतीवर जो मिशीवाला गोरा टांगलेला होता, त्यालाच घातला. शंभर वर्षांपूर्वीचा इथला खासदार. शाळेला नावही त्याचंच. तेव्हापासून दर दिवाळीला त्याला हार आणि काचेवर कुंकू, ही आमची परंपराच होऊन बसली.

यंदा शाळेच्या प्रिन्सिपल बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. म्हणून खासदारसाहेबांचा परिचय करून द्यायचं काम मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या गळ्यात घातलं. अध्यक्ष म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले रिटायर्ड डॉक्टर काका. मी व्हिसावरची, ग्रीन कार्डच्या रांगेत केस पिकायला लागलेत.

लायब्ररीत बसून वाचलं. साहेब आधी रेल्वे कंपनीचे वकील, मग तीनदा निवडून आलेले. मतदारसंघात त्यांनी बांधलेला एक पूलसुद्धा सापडला नाही. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी मनापासून केली: हिंदुस्थानातल्या लोकांना या देशात पाऊल ठेवू देऊ नये म्हणून भाषणं. आम्ही घाणेरडे, कमी पगारात राबणारे आणि इथे कधीच न मिसळणारे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे तसा कायदा आला, तेव्हा साहेबांनी आनंदाने त्याला मत दिलं. माझं डोकंच फिरलं. या माणसाला मी स्वतःच्या हाताने दोनदा कुंकू लावलं होतं.

प्रिंटआउट घेऊन तडक काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे सगळं वाचलं.

"लँग्वेज जरा हार्श आहे," ते म्हणाले, "पण पॉइंट बघ ना. आमच्या वेळी सिलेक्टेड लोक यायचे. आता कुणीही उठतं आणि येतं. कुठेतरी कंट्रोल हवाच." मग माझ्याकडे बघून, "तुझ्याबद्दल नाही हं म्हणत मी. चकली घे."

मी चकली घेतली. घरी येताना मात्र ठरवलं, स्टेजवरून सगळं खरं वाचायचं.

पण कार्यक्रमाच्या दिवशी समोर प्रिन्सिपल बाई, शेजारी काका, आणि मनात सारखं एकच: आपली ग्रीन कार्डची केस पेंडिंग आहे, उगाच कशाला? तोंडातून निघालं, "बाहेरून येणाऱ्यांच्या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर सखोल अभ्यास केला." टाळ्या पडल्या. मला माझीच लाज वाटली.

मग बाई माईकवर आल्या. या माणसाने भारतीयांबद्दल काय काय म्हटलं ते आम्हा शाळेतल्यांना ठाऊक आहे, असं त्या म्हणाल्या. शाळेचं नाव बदलायचंही चाललं आहे. आणि तरीही तुम्ही त्याला हार घालता! एवढं मोठं मन मी कुठे पाहिलं नाही.

हॉलमध्ये माझ्याखेरीज आणि काकांखेरीज कुणालाच काही माहीत नव्हतं. काका उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "फर्गिव्हनेस इज अवर कल्चर." अख्खा हॉल स्वतःसाठीच उभा राहून टाळ्या पिटू लागला.

मीही उभी राहिले. खरं बोलायची ती दुसरी संधी होती, आणि तीही मी टाळ्या वाजवण्यात घालवली.