यादीत नसलेलं पुस्तक

ताटात डाळ पडली की तो टोपी काढायचा, डोळे मिटायचा आणि ओठ हलवायचा. जेवायला दहा मिनिटं मिळायची, त्यातलं एक हा देवाला द्यायचा. आम्ही ओरडायचो, "ए पाद्री, डाळ गार झाली!"

"गार तर गार. उपकार मानून खातो," तो म्हणायचा आणि आमच्या आधी ताट धुऊन मोकळा व्हायचा.

तो निमगाव सावाचा, मी निरगुडसरचा, दोघंही पुणे जिल्ह्यातले. नव्वदच्या दशकात एकाच भरतीत लागलो आणि सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात शेजारशेजारच्या खाटांवर पडलो. आमच्या तुकडीत ख्रिस्ती तो एकटाच. रविवारी सगळ्यांबरोबर मंदिरात यायचा, बूट काढून मागं उभा राहायचा. इथं काय करतोस, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुमी तुमच्या देवाशी बोला, मी माझ्याशी बोलतो. जागा लई शांत हाय, राव."

त्याच्या पेटीत आईनं दिलेलं बायबल होतं. तिनं जुन्या पातळाचं कव्हर शिवलं होतं त्याला.

एकदा अचानक पेट्यांची तपासणी झाली. हवालदारानं, म्हणजे आमच्या उस्तादानं, ते पुस्तक दोन बोटांनी उचललं. "हे सामानाच्या यादीत आहे का?"

"न्हाई, उस्ताद."

"मग स्टोअरला जमा."

माझ्या पेटीच्या झाकणाला आतून मारुतीचं चित्र चिकटवलेलं होतं. तेही यादीत नव्हतं. त्याला उस्तादानं हात जोडले. आता तुम्हीच सांगा, याला शिस्त म्हणायचं? मला आजही आठवलं की डोकं फिरतं. पण तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

पुढं मला स्टोअरच्या सफाईला लावलं. तिथं टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली ते बायबल सारलेलं होतं. पातळाची निळी किनार मी लगेच ओळखली. खाली वाकून ओढलं असतं तर दोन क्षणांचं काम. मी झाडू मारला आणि बाहेर आलो.

प्रशिक्षण संपताना प्रत्येकानं आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची असते. त्याच्या आदल्या दिवशी तो माझ्या खाटेपाशी आला. "भाऊ, तू स्टोअरात व्हतास ना? माझं पुस्तक दिसलं का रं? उस्ताद म्हनतोय, हरवलं."

"नाय," मी म्हणालो. उस्तादाच्या डोळ्यावर आलो तर शपथेला न घेता मला मागं ठेवतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

संध्याकाळी रंगीत तालमीत उस्ताद त्याच्यावर खेकसला, "तुझ्या एकट्यासाठी बायबल कुठून आणू? ठेव गीतेवर हात. देव सगळा एकच."

"गीतेचा मान हाय मला, उस्ताद. पन तिच्यावर हात ठिवून मी बोललो, तर ती शपथ माझी न्हाई."

"मग बस पुढच्या तुकडीबरोबर!"

कागदावर कारण लिहिलं, कवायत कच्ची. अहो, कवायतीत आमच्यात पहिला होता तो! साहेबांपर्यंत खरी गोष्ट गेलीच नाही. उस्तादाला मी आजवर पोटभर शिव्या घातल्यात. पण त्यानं निदान पुस्तक सगळ्यांसमोर नेलं होतं. मी तर तोंडावर खोटं बोललो, तेही आपल्या भागातल्या माणसाशी.

शपथेच्या दिवशी त्याला मैदानाच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवायला बसवलं होतं. पंडितजींच्या हातातल्या गीतेवर मी हात ठेवला आणि इमानानं वागायची शपथ खणखणीत आवाजात घेतली. बँड वाजला. आमची तुकडी त्याच्यासमोरून निघाली, तसा तो ब्रश खाली ठेवून सावधान उभा राहिला. हात कोपरापर्यंत पांढरे. रांगेत मला शोधून तो मनापासून हसला.

मी नजर समोर ठेवून पुढं गेलो. पुस्तक कुठं आहे, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही.