गोठ्यामागच्या कुजलेल्या फळ्या

चोराच्या तोंडून 'मी चोर नाही' हे पोलिसाच्या नोकरीत किती वेळा ऐकलं त्याला गणतीच नाही. पण ज्याने आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाही, असा माणूस दवाखान्याच्या खाटेवरून 'लिहा साहेब, मी चोर आहे' असं ठणकावून सांगतो, हे एकदाच पाहिलं. ते प्रकरण आठवलं की आधी हसू येतं, आणि मग थोडा वेळ कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. माणसांची नावं सांगणार नाही. अंथुर्ण्याच्या बाजूच्या त्या वस्तीवर एकाला सगळे तात्या म्हणायचे आणि दुसऱ्याला चाचा, मीही तेच म्हणतो. दोघं साठीच्या पुढचे, दोघांची शेतं बांधाला बांध लागून. तात्यांचा ऊस, चाचांच्या दुभत्या गाई. चाचांची बायको वारल्यापासून सणासुदीला ताट तात्यांच्या घरून यायचं.

एका सकाळी बारामतीच्या दवाखान्यातून खबर आली की एका इसमाचं खुब्याचं हाड मोडलं आहे, रस्त्यात पाय घसरून पडला म्हणतो. असल्या खबरी ठाण्याला रोजच येतात. हवालदार जाऊन तात्यांचा जबाब घेऊन आले. मी तो वाचत होतो तेवढ्यात माझ्या एका बातमीदाराचा फोन आला. दूध संकलन केंद्रावर कुजबुज चालली होती, की तात्या रस्त्यात पडलेच नाहीत, ते चाचांच्या गोठ्यामागच्या खड्ड्यात पडले.

दोन पंच घेऊन मी जागेवर गेलो. गोठ्यामागे बंद पडलेल्या गोबरगॅसचा खोल खड्डा होता. त्यावर लाकडी फळ्या टाकलेल्या, आणि चिखल होऊ नये म्हणून फळ्यांवर उसाचं पाचट पसरलेलं. गोठ्यात जायची वाट त्यावरूनच होती. मधल्या दोन फळ्या मोडून आत गेल्या होत्या. मी तुकडा उचलला तर बोटांनी चुरा झाला. कडेला एक पातेलं उपडं पडलं होतं, भोवती शिजलेली बाजरी सांडलेली आणि तिला मुंग्या लागलेल्या. पंचनाम्यात मी पातेलंही लिहून घेतलं. चाचा गोठ्याच्या दारात उभे होते. काय झालं म्हणून विचारलं तर मान खाली घातली. खोटं बोलले नाहीत, पण खरंही बोलेनात.

मी तडक दवाखाना गाठला. पंचनामा झाल्याचं कळताच तात्यांनी रस्ता सोडला आणि चोरी धरली. म्हणाले, चाचांना न विचारता मागच्या बाजूने शिरलो, पेंडीचं पोतं उचलायचं होतं, पडलो, आपल्या कर्माने पडलो. वस्तीवरच्या कुणा शहाण्याने त्यांच्या कानात सांगितलं होतं, की चोर दुसऱ्याच्या जागेत पडला तर मालकावर काही येत नाही.

हे अर्धंच खरं आहे, आणि अर्धवट कायदा सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. बोलावलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन धड ठेवणं ही मालकाची पुरती जबाबदारी असते. न बोलावता आला तर ती कमी होते, इतकंच. वाटेवरचं झाकण कुजलंय हे माहीत असून ते तसंच ठेवायची मुभा कायदा कुणालाही देत नाही.

मी म्हणालो, "तात्या, पेंड चोरायला जाताना गाईसाठी बाजरीचा घाटा शिजवून नेता व्हय?"

तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पायथ्याशी त्यांची बायको बसली होती, ती हळूच म्हणाली की चाचांची गाय व्याली, त्यांच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून गूळ घालून घाटा तिनेच करून दिला, आणि फोन चाचांचाच आला होता. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो तात्यांच्या कपाळी त्यांच्या घरच्यांनीच हाणला. ते आधी तिच्यावर चिडले, मग माझा हात धरला.

"सायेब, त्याचा हजला नंबर लागलाय. पासपोर्टाची चौकशी तुमच्याच ठाण्यात हाय. गुन्हा झाला तर समदं अडकंल. भाभी गेल्यापास्नं ह्या एका आशेवर उभा हाय त्यो. माझं हाड काय, जुळंल."

चौकशीचा कागद खरोखरच माझ्या टेबलावर होता. खोटं कशाला बोलू, ते पातेलं दिसलंच नाही असं समजावं, हे माझ्याही मनात आलं. पण त्या वाटेवरून गावातली लहान मुलं रोज दूध न्यायला यायची.

दुसऱ्या दिवशी चाचांना ठाण्यात बोलावलं, चहा दिला आणि तात्यांचा चोरीचा जबाब शब्दन् शब्द वाचून दाखवला. वर म्हणालो, की याप्रमाणे तात्यांवर चोरीच्या प्रयत्नाचा गुन्हा घ्यावा लागेल. घेणार अर्थातच नव्हतो. पण माणूस स्वतःसाठी जे बोलत नाही, ते जिवलगाच्या अब्रूसाठी बोलतो, हा माझा अनुभव.

चाचांनी कप खाली ठेवला. "तात्या आन् चोर? फाडा सायेब त्यो कागद. मीच बोलावलं. फळ्या कुजल्यात हे मला म्हाईत हुतं. आज बदलू, उद्या बदलू करत ऱ्हायलो. दवाखान्यात नेताना त्यानं मला शपथ घातली हुती, म्हणून गप बसलो."

गुन्हा नोंदवला तर हज हुकेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "हजला निघायच्या आधी ज्याला ज्याला दुखावलं त्याची माफी मागावी लागती. मी तात्याची मागाया गेलो, तर म्हणतो तुझी चुकीच न्हाय. मग त्यानं माफ काय करायचं? हे वझं घिऊन मी तितं कसा जाऊ? तुमी लिहा."

मी लिहिलं. सरकारतर्फे फिर्याद, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत. पासपोर्टच्या अहवालातही ते नमूद करावं लागलं आणि चाचांचा त्या वर्षीचा नंबर गेला. चाचांनी खड्डा मुरूम टाकून बुजवला. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन ते बारामतीला तात्यांच्या उशाशी जाऊन बसत. तात्या त्यांच्याशी नेहमीसारखेच बोलत, माझ्याशी मात्र नाही. मी वॉर्डात शिरलो की डोळे मिटून घ्यायचे. मला त्यांचा राग येत नव्हता. इतका जीव लावणारा मित्र आपल्याला मिळाला नाही, म्हणून थोडा हेवाच वाटायचा.

दोषारोपपत्र गेलं. अशा गुन्ह्यात जखमी माणूस तयार असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, हे मीच दोघांना समजावलं होतं. तारखेला तात्या वॉकर घेऊन आले, चाचा त्यांच्या मागे हात धरायच्या बेताने. न्यायाधीश महाराजांनी विचारलं तेव्हा तात्या नेहमीचं म्हणाले, की चाचांची काहीच चूक नाही.

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "चूकच नाही, तर माफी कशाची देताय?"

तात्यांनी मागे वळून पाहिलं, तर चाचा दोन्ही हात जोडून उभे, खाली बघत. मला वाटतं, मित्राला काय हवंय हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं. वॉकर घट्ट धरून ते परत वळले.

"चुकी हाय त्याची, सायेब. फळ्या कुजल्या हुत्या, त्याला दिसत हुतं, त्यानं बदलाया पायजे हुत्या. माझा पाय गेला त्यात." मग मान चाचांकडे वळवली. "आन् मी माफ केलं. मनापास्नं."

चाचा भर कोर्टात रडले. न्यायाधीशांनी परवानगी दिली आणि प्रकरण तिथेच संपलं. माझी नजर कुठे ठेवावी मला कळेना, म्हणून मी उगाच कागद चाळत बसलो.

कायद्याची कलमं मी पुस्तकातून शिकलो. पण एखाद्याला जबाबदार धरणं ही त्याच्यावरची मायाही असू शकते, हे या दोघांनी शिकवलं. तात्या जीव ओतून खोटं बोलत होते आणि मित्राला जी एकच गोष्ट हवी होती, ती माफी, नेमकी तीच अडवून धरत होते.

पुढच्या वर्षी चाचा हजला गेले. निघण्याआधी रिवाजाप्रमाणे वस्तीवर दारोदार जाऊन त्यांनी माफी मागितली, मलाही ठाण्यात येऊन भेटून गेले. तात्यांच्या घरी मात्र ते नुसते चहा पिऊन आले. तिथं मागायचं काही उरलं नव्हतं.