आत्याचं घर विकत घेताना

आत्याने घर विकायचं ठरवलं तेव्हा एजंटच्या आधी मला बोलावलं. दिंडोशीचं हे घर सरकारी घरांच्या सोडतीत लागलेलं, तिच्या एकटीच्या नावावर. तिचा नवरा लवकर गेला, मूल नाही. बुलडाण्याहून येऊन गोरेगावच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये तिने आयाचं काम केलं, थेट गुडघे बोलायला लागेपर्यंत. माझं कॉलेज तिच्याच घरातून झालं.

"तू घे," ती म्हणाली. "बाहेरच्यापेक्षा कमी लावीन, पण फुकट नाही. आणि मी इथंच राहणार, आतल्या खोलीत."

मी हो म्हणाले.

नवऱ्याचं म्हणणं, सरळ बक्षीसपत्र करून घेऊ, कर्जाची भानगडच नको. त्याला मी गप्प केलं, पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. एकदा भीत भीत आत्यापुढे विषय काढला. तिने मेथी निवडता निवडता सांगितलं, "बक्षीस दिलं की मी पाहुणी होते."

बँकेतल्या बाईंनी कागद चाळले. "सख्खी आत्या? नात्यातले व्यवहार आम्ही जास्त तपासतो. पुष्कळदा विक्री कागदावरच असते, आणि कर्जाचे पैसे फिरून घर घेणाऱ्याकडेच येतात."

किंमत कमी लावली तरी स्टॅम्प ड्युटी सरकारी दरानेच भरावी लागणार होती. कर्ज मात्र करारातल्या किमतीवर, तेही पूर्ण नाही. उरलेलं आमचं आम्ही बघायचं.

"आणि विकल्यावर त्या राहणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले. त्यांनी आत्यालाच घेऊन यायला सांगितलं.

जाताना रिक्षात मी आत्याला म्हटलं, "विचारलं तर गावी जाणार म्हण ना. नाहीतर कर्ज अडेल." ती बाहेर बघत राहिली.

बँकेत तोच प्रश्न आला. "हिच्याकडेच राहणार," आत्या म्हणाली.

"मग विकता कशाला?"

"मला पेन्शन नाही, मॅडम. उद्या ऑपरेशन निघालं तर पोरीपुढे हात पसरायचा नाही मला. पैसे माझ्या खात्यात राहतील. हवं तर दर महिन्याला पासबुक आणून दाखवते."

बाई लिहीत राहिल्या. मी टेबलाच्या काचेखालचा कागद वाचत असल्यासारखं केलं. इतकी वर्षं आत्याच्या हातचं खाल्लं, पण ती आता कशावर जगते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग तीन आठवडे काहीच कळेना. अनोळखी नंबरवरून फोन आला की बँकेचा असेल म्हणून धावत उचलायचे. आत्याकडे जायचंही मी टाळलं. कर्ज नाकारलं तर ती घर बाहेर विकणार, आणि मग मी तिला कुठल्या तोंडाने भेटणार?

कर्ज मंजूर झालं, मागितलं त्यापेक्षा कमी. नवऱ्याने पीएफमधून पैसे काढले, माझ्या बांगड्या मोडल्या. रजिस्ट्रेशनला आत्याने सही इतकी सावकाश केली की मागच्या रांगेतले लोक चुळबुळायला लागले.

आता दीड वर्ष झालं आम्ही इथे राहतोय. हप्ता पाच तारखेला जातो, मी एक तारखेपासून खातं बघते. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

परवा ती हातोडी घेऊन हॉलमध्ये उभी होती. "इथं खिळा मारला तर चालेल का गं? कॅलेंडर लावायचंय."

"विचारतेस काय? तुझंच घर आहे."

"माझं नाही," ती म्हणाली, आणि खिळा ठोकायला लागली.