दाराला जामीन

धारूरच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होते, आणि ज्या संशोधनाच्या जागेसाठी दोन वर्षे जिवाचे रान केले होते, तिची मुलाखत त्या सकाळी ऑनलाइन होणार होती. लॅपटॉपवर लिंक उघडून ठेवली आणि नेमके तेव्हाच नळाला पाणी आले. पाईप जोडायला बाहेर पडले, वारा आला आणि घरमालकाने नव्याने बसवलेले लॅच माझ्यामागे खटकन लागले. किल्ली, फोन, लॅपटॉप, सारे आत. खिडक्यांना गज.

मी धावतच चौक गाठला आणि छत्रीखाली बसलेल्या किल्लीवाल्याला अक्षरशः ओढून आणले. दारापुढे येताच त्याने आमच्या गल्लीकडे नजर टाकली. समोरचे एक दार सोडले तर सगळ्यांना कुलपे. त्याने पिशवी उघडलीच नाही.

"जामीन कोन हाय, ताई?"

"कशाला जामीन? घर माझं आहे."

"सगळेच आसं म्हन्त्यात. लोकं ऊसतोडीला गेल्यात. ह्या दिवसात गल्लीतल्या मान्साच्या जामिनाबिगर आमी दार उघडीत न्हाई. मागं एकानं उघडून दिलं, पाडव्याला घरचे आले तर चूलसुदिक जाग्यावर न्हवती."

घरात काय काय आहे ते मी भराभरा सांगू लागले: टेबल, निळी चादर, भिंतीवरची आवर्तसारणी. उघडा आणि तपासून घ्या, म्हटले.

"उघडल्यावर तपासून काय करू?" तो म्हणाला.

युक्तिवादात खोट नव्हती. त्याचाच फोन मागून मुलाखतीला बसावे, तर मुलाखतीची लिंक ईमेलमध्ये, आणि ईमेल उघडायचा ओटीपी दाराआडच्या फोनवर. घरमालक ऊसतोडीचा मुकादम, मजुरांची टोळी घेऊन साखर कारखान्यावर गेलेला. त्याचा नंबरही आतच. कोणत्याही बाजूने विचार केला तरी तो त्याच दारावर येऊन आपटत होता.

गल्लीत मागे राहिली होती ती समोरची काकू. तिच्याकडे सगळ्यांच्या घरांची राखण होती. मी तिचे हातच धरले.

"काकू, जामीन राहा ना माझ्यासाठी."

तिने हात सोडवून घेतले. "त्यो शबुद काढू नगंस, बाई. माहा घरधनी मुकादमापाशी एकाला जामीन ऱ्हायला व्हता. त्यो गडी उचल घिऊन पळाला, अन् त्याच्या वाटचा ऊस आमी तोडला. भाकर माग, देते. जामीन न्हाई."

मी मटकन ओट्यावर बसले. रडू येत होते आणि रडायला सवड नव्हती. मग ध्यानात आले की मी चुकीची गोष्ट मागते आहे. जामीन उद्याचा असतो. मला तर फक्त आजची सकाळ हवी होती.

"काकू, मघाशी मी कुठून बाहेर आले?"

"ह्याच दारातून की. हातात पाईप व्हता. कावून गं?"

"एवढंच त्यांना सांगा. पुढचं काही नको."

ती किल्लीवाल्याकडे वळली. "ही ह्या दारातून निगाली, म्या बघितलं. ही साक्ष हाय, जामीन न्हाई. कानात तेल घालून ऐक."

"लई वकिलीन हाय काकू," तो पुटपुटला. पण पिशवी उघडली. पत्र्याची पट्टी फटीत सरकली, निसटली, पुन्हा सरकली.

दार उघडले तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर बैठक संपल्याचा मजकूर होता. मी त्या संशोधन संस्थेच्या कार्यालयात फोन लावला. समिती उठली आहे, असे तिकडच्या बाई म्हणाल्या. मी काय बोलले ते आता आठवत नाही, विनवण्याच असाव्यात. "अध्यक्ष अजून खोलीत आहेत. विचारून बघते," त्या म्हणाल्या.

फोन कानाला लावून मी उभी राहिले. उंबऱ्यात काकू आणि किल्लीवाला थांबले होते. बराच वेळ पलीकडून नुसती खुर्च्यांची सरकासरक ऐकू येत होती.

मग अध्यक्षांनी घसा खाकरल्याचा आवाज आला. "हं, बोला. पण थोडक्यात."

मी जमिनीवरच बसले आणि बोलायला लागले.