फ्रॉकला टांगलेली बादली

आमच्या शोभाचा फ्रॉक मी सोडा घालून उकळला, त्या दिवसापर्यंत घरात माझ्या मताला थोडीफार किंमत होती.

फ्रॉक तिच्या अंगातला नव्हता. शोभा तेव्हा बारावी पास झालेली, चांगली अठरा वर्षांची. फ्रॉक होता पाच वर्षांच्या मुलीच्या मापाचा, पांढऱ्या पॉपलीनचा, आणि तो तिने स्वतः शिवला होता. कशासाठी, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मला आत्ताच वेड्यात काढाल. (शेवटी काढालच, पण निदान क्रमाने काढा.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या धंतोलीत एका हाडाच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर फॅशन आणि डिझाइन शिकवणारी खाजगी शाळा निघाली होती. शोभाने तिचं माहितीपत्रक आणून माझ्यासमोर ठेवलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. मी पहिल्या पानापासून वाचत गेलो, शेवटच्या पानावर फी छापली होती तिथे पोचलो आणि बायकोला हाक मारली, "वत्सला, पाणी आण वं!"

"काहून? इतकी आहे काय?"

"इतकी? ही फी भरली तं कपडे शिवणं राहिलं बाजूला, आपल्याले कपडे घालणं सोडून द्यावं लागीन!"

"बाबा, शिवणं नाही," शोभा म्हणाली, "डिझाइन."

"आईनं शिकवलं ना तुले शिवणं? फुकटात?"

"म्हणूनच मले त्याच्यापुढचं शिकायचं आहे."

एवढं बोलून ती गप्प बसली. आमच्या शोभाचं हेच वाईट. भांडत नाही, रडत नाही, एकदा सांगते आणि गप्प बसते. मी टायपिंगच्या क्लासचा फॉर्म आणून ठेवला होता, तो तिने निमूटपणे भरलासुद्धा. पण दुपारभर मशीनवर बसून जुन्या साड्यांचं काहीबाही कापून शिवत राहायची. तिला ती शाळा किती हवी होती ते मला स्पष्ट दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच मी जास्त चिडत होतो.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. हिंगण्याला ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्यांचा कारखाना होता, तिथे मी माल तपासनीस होतो. आलेला माल ओढून पाहायचा, सोड्यात उकळायचा, उन्हात घालायचा, वजन टांगून ताणायचा आणि मग पास किंवा नापास लिहायचं. माल पुरवणारे लोक मला पाहून रस्ता बदलत, आणि त्याचा मला फार अभिमान होता! हळूहळू ही सवय अंगातच मुरली. दुकानात मी साडीचा काठ दोन्ही हातांनी खेचून पाहायचो, म्हणून वत्सला मला दुकानात नेईनाशी झाली. लग्नाआधी तिला पाहायला गेलो होतो तेव्हा मी म्हणे सतरंजीचा काठ ओढून पाहिला होता. असं वत्सला सांगते. मला आठवत नाही, पण मी नाही म्हणत नाही.

तर असा माणूस फॅशनच्या शाळेला तपासल्याशिवाय फी देईल?

एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी थेट धंतोलीत गेलो. खालच्या दवाखान्यात चुकून पाऊण तास नंबर लावून बसलो होतो, तो भाग सोडून देतो. वर गेलो तर शाळा चालवणाऱ्या मॅडम भेटल्या. कापलेले केस, चष्म्याला साखळी, बोलणं अगदी मऊ.

"मॅडम, तुमच्या शिक्षणाची गॅरंटी काय?"

"गॅरंटी?"

"म्हणजे किती वर्षं टिकते? आमच्या ताडपत्रीले आम्ही तीन वर्षं सांगतो."

त्यांनी चहा मागवला. मग शांतपणे समजावलं की प्रवेशाला परीक्षा नाही. मुलीने दिलेल्या मापाचा एक पांढरा फ्रॉक घरी स्वतःच्या हाताने शिवून आणायचा, आणि तो समोर ठेवून मुलाखत होईल. महिनाभरानंतरच्या रविवारी अकरा वाजता. पालकांनीही यावं.

निघताना दारापाशी एका कपाटात आदल्या वर्षीच्या मुलींनी शिकताना केलेले कपडे विकायला ठेवलेले दिसले. त्यात तसाच पांढरा फ्रॉक! तेच माप, तेच पॉपलीन! माझ्यातला तपासनीस ताडकन जागा झाला. मी तो विकत घेतला, पिशवीत लपवून घरी आणला आणि धान्याच्या कोठीमागे ठेवला.

शोभाने आपला फ्रॉक तीन आठवडे शिवला. दोनदा पूर्ण उसवला, तिसऱ्यांदा शिवला. शनिवारी तो इस्त्री करून कपाटात ठेवला आणि मायलेकी नव्या चपला घ्यायला बर्डीच्या बाजारात गेल्या. घरात मी आणि माझे मोठे भाऊ, नानाभाऊ. ते काटोलकडच्या आमच्या गावाहून वर्षाचे गहू घेऊन आले होते. फॅशनबद्दल त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं. "आंगभर कापड असलं म्हंजे झालं. त्यात फॅशन कायले पायजे गा?"

मी त्यांना योजना सांगितली. एक फ्रॉक शाळेचा, एक आपल्या पोरीचा. दोन्हींना सारखी कसोटी लावायची. आपल्या पोरीचा त्यांच्याइतकाच टिकला, तर फी भरायची कशासाठी? सगळं तिला येतंच आहे!

"पण मधू, उद्याले तिचा इंटरव्ह्यू आहे ना?"

"नुसता थोडासा ओढून पाहतो."

देवाशपथ सांगतो, मला नुसता थोडासाच ओढायचा होता. पण अर्धवट तपासणी मला आयुष्यात जमली नाही. ओळख राहावी म्हणून शाळेच्या फ्रॉकच्या बाहीला मी निळा धागा बांधला, मोठ्या गंजात पाणी ठेवलं, सोडा टाकला आणि दोन्ही फ्रॉक उकळले. नानाभाऊंनी ते बाहेर काढून गच्चीवर वाळत घातले. मे महिन्याचं आमचं नागपूर! पंधरा मिनिटांत दोन्हींचे पापड झाले.

पाहतो तर निळा धागा गायब!

"नानाभाऊ, निळा धागा कुठं गेला?"

"तो लटकून राहिला होता ना? तोडून टाकला म्या. इंटरव्ह्यूले न्यायचं कापड, असे धागे लटकून राहिले तं लोक काय म्हणतीन?"

कपाळावर हात मारला मी! पण म्हटलं, हरकत नाही. खरा माल वजनाखाली आपोआप ओळखू येतो. दोन्ही फ्रॉकच्या बाह्यांतून एक बांबू घातला, बांबूची टोकं दोन पिंपांवर ठेवली आणि दोन्हींच्या घेराला सुतळीने एकेक बादली बांधली. आधी अर्धी बादली पाणी ओतलं. दोन्ही टिकले. तिथे थांबायला काय हरकत होती? पण ताडपत्रीच्या नियमात पुरं वजन लिहिलेलं! मी दोन्ही बादल्या काठोकाठ भरल्या. नानाभाऊ शिवण जवळून पाहायला खाली उकिडवे बसले, आणि टर्रर्र!

"मेलो गा मधू!"

एका फ्रॉकचा खांदा बाहीपासून पार फाटला होता, बादली नानाभाऊंच्या पायावर आणि पाणी त्यांच्या धोतरावर. दुसरा फ्रॉक भरल्या बादलीसह शांतपणे लटकत होता. मला इतका आनंद झाला की भावाला उठवायचंही सुचलं नाही! एवढी फी घेणाऱ्यांचा माल फाटला, आणि आमच्या शोभाचा टिकला! मी फाटका फ्रॉक हातात धरून जिना उतरलो, तोच दारात मायलेकी उभ्या.

"पाहा!" मी फ्रॉक वर धरला. "हे पाहा तुह्या त्या शाळेचं काम! एका बादलीचं वजन नाही पेललं! आणि तुहा फ्रॉक वर कसा टणक लटकून राहिला आहे! आता सांग, कोणाले कोणापासून शिकायची गरज आहे?"

शोभा जवळ आली. तिने फ्रॉकची आतली बाजू उलटून पाहिली.

"बाबा, हा माझा आहे."

वर गच्चीवर नानाभाऊ विव्हळत होते तेवढंच ऐकू येत होतं. मग वत्सलाने चपलांची पिशवी खाली ठेवली.

"ट्रकवर टाकणार होते काय जी तुम्ही लेकराचा फ्रॉक?"

मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचे तीन आठवडे मी एका दुपारी फाडून ठेवले होते. शोभा रडली असती तर बरं झालं असतं. ती गच्चीवर गेली, शाळेचा फ्रॉक सोडून आणला, दोन्ही उलटे करून मांडीवर घेतले आणि संध्याकाळभर त्यांच्या शिवणी न्याहाळत बसली. एकदाच आईला म्हणाली, "आई, यायनं माया किती ठेवली पाहा." माया म्हणजे शिवणीच्या बाहेर राखून ठेवलेलं कापड. आमच्या घरी एकेक बोट कापड वाचवून शिवायची रीत, त्यामुळे शोभाने कडा अगदी शिवणीला लागून कापल्या होत्या. वत्सलाने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "म्याच तसं शिकवलं तुले." तिचा चेहरा उतरला, आणि त्यालाही कारण मीच.

रविवारी सकाळी मी शेवटचा पराक्रम केला. शाळेचा फ्रॉक कडक इस्त्री करून शोभापुढे ठेवला. "हा घेऊन जा. कोणाले काय समजते? सारखाच तं आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही असा माल पास करता काय?"

आयुष्यभर लोकांचा माल नापास करणारा मी, तोंड खाली घालून बसलो. ती दोन्ही फ्रॉक घेऊन निघाली. फाटका तसाच फाटका.

मुलाखतीच्या खोलीत मॅडमनी तो टेबलावर पसरला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे काय?"

"बाबांनी उकळला आणि बादली टांगली," शोभा म्हणाली.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "फ्रॉकला बादली टांगली तुम्ही?"

"काठोकाठ भरलेली," मी म्हणालो. आता लपवून काय उपयोग होता?

"आणि तो फाटला कशामुळे, हे तुला सांगता येईल?" मॅडमनी शोभाला विचारलं.

मग जी शोभा घरी दिवसाला चार वाक्यं बोलायची ती धडाधड बोलायला लागली! आपल्या शिवणीत माया किती कमी होती, आपण एकेरी शिवण कशी घातली, शाळेच्या फ्रॉकला खांद्यावर कापड दुमडून दुहेरी शिवण कशी आहे, ओढ नेमकी कुठे पडते, पुन्हा शिवायचा झाला तर ती बाही कशी बसवेल. दोन्ही फ्रॉक शेजारी ठेवून बोटाने दाखवत होती. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण ही आपली पोरगी आहे, हिला हे इतकं हवं आहे, आणि आपण दोन महिने हिच्या आड उभे आहोत, हे मात्र कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी खिडकीकडे पाहून जिरवलं.

मॅडमनी कागदावर सही केली आणि जूनमध्ये या म्हणाल्या. मग मला विचारलं, "फीबद्दल तुम्हाला अजून शंका आहे?"

"नाही मॅडम. तुमचा माल कसोटीला उतरला."

"फी भरण्याआधी इतकं तपासून घेणारे पालक आजवर आले नव्हते," त्या म्हणाल्या. ही स्तुती होती की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही. फी कशी भरली ते विचारू नका. भरली.

पहिल्या सहामाहीला शाळेने मुलींना घरच्या कोणाचा तरी शर्ट शिवायला सांगितलं. शोभाने माझा शिवला. फिक्या निळ्या रंगाचा, खिशावर पट्टी, आणि इतका देखणा की कारखान्यातल्या लोकांनी शिंप्याचं नाव विचारलं. माझे हात सारखे शिवशिवत, पण मी तो ओढला नाही, उकळला नाही, नुसता घातला. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये वरची दांडी धरून उभा होतो. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि उजवी बाही काखेपासून खांद्यापर्यंत उसवून माझ्या कोपरावर आली!

दिवसभर मी उजवा हात अंगाला चिकटवून डाव्या हाताने ताडपत्र्या नापास केल्या. संध्याकाळी नंदनवनच्या वळणावरच्या शिंप्याकडे उघडा बसून बाही बसवून घेतली, आणि तो चांगला नमस्कार-चमत्कारातला माणूस असूनही त्याला कोणाला न सांगण्याची शपथ घातली. घरी पोचलो तर शोभा दारातच.

"बाबा, खरं सांगा, शर्ट टिकला ना?"

"अगदी पक्का माल आहे," मी म्हणालो. माझ्या साऱ्या नोकरीत मी खोटा शेरा तेवढा एकच मारला, आणि त्याची शिलाईसुद्धा माझ्याच खिशातून गेली!